स्टिरिओचा आवाज किनरा झाला तर

दर महिन्याला मी तुमच्याशी बचतीबद्दल, कर्जफेडीबद्दल, नाहीतर बँकेच्या कागदपत्रांबद्दल बोलते. आजचा विषय वेगळा आहे. घरातल्या स्टिरिओचा आवाज अचानक पातळ, टोचणारा यायला लागला, तर दुरुस्तीवर पैसे घालण्याआधी आपण काय काय तपासू शकतो, ते सांगणार आहे. तुम्ही म्हणाल, ताई, हे तर घरातले पुरुष बघतात. आमच्याकडेही असंच म्हणत होते. म्हणून आधी काय घडलं ते ऐका.

आमच्या घरी सासऱ्यांनी घेतलेला जुना स्टिरिओ आहे. मधे मशीन, त्यात रेडिओ आणि कॅसेट, आणि दोन बाजूंना दोन स्पीकर. गाणी आता मोबाइलवर आली, तरी तो आम्ही भंगारात घातला नाही, तो एका कॅसेटसाठी. माझ्या सासूबाई जात्यावरच्या ओव्या म्हणायच्या. थोरल्या दिरांनी एकदा त्या दळायला बसल्या असताना साध्या टेपरेकॉर्डरवर भरून घेतल्या होत्या. सासूबाईंना जाऊन सहा वर्षं झाली. दर भाऊबीजेला वन्सं माहेरी येतात. ओवाळणं झालं, जेवणं झाली, की आम्ही सगळे बसून ती कॅसेट ऐकतो.

गेल्या दिवाळीत मी बाहेरची खोली रंगवून घेतली. स्टिरिओ फळीवरून खाली काढला, मागच्या वायरी सोडवल्या, पुसूनपासून रंग वाळल्यावर परत जोडला. सगळं मीच केलं. भाऊबीजेला कॅसेट लावली आणि आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागलो. शब्द कळत होते, चाल तीच होती, पण आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. ‘स’ आणि ‘च’ कानाला टोचत होते. जात्याची घरघर तर कुठे ऐकूच येईना. वन्सं थोडा वेळ बसल्या आणि म्हणाल्या, “वहिनी, ही आई वाटतच नाही.” आणि उठून आत गेल्या. आमचे हे मला म्हणाले, “तुला हात लावायला सांगितला होता कुणी?”

मला त्या रात्री झोप लागली नाही. मशीन बिघडलं तर दुसरं मिळेल. पण कॅसेट खराब झाली असेल तर? तिची दुसरी प्रत नव्हती.

चार दिवसांनी मशीन तालुक्याला नेलं. दुरुस्ती करणाऱ्यांनी न लावताच सांगितलं, हेड गेलंय, आतला भागही कमजोर झालाय, २,८०० रुपये होतील, आणि कॅसेट घासली असणार, तिची आशा सोडा. मी मशीन उचलून परत आणलं. गटातून अंतर्गत कर्ज घ्यावं असं मनात आलं होतं. पण आपल्या गटात एखादी ताई कर्ज मागते तेव्हा आपण तिला काय विचारतो? नक्की कशासाठी, किती, आणि दुसरा काही मार्ग बघितलास का? मग माझ्या स्वतःच्या वेळी मी हे का विचारत नव्हते?

आपल्या केंद्रात ध्वनिमुद्रण सांभाळणाऱ्या ताई आहेत. त्यांच्याकडे गेले. त्यांनी मशीन मागितलं नाही. एवढंच विचारलं, “आवाज दबका येतोय की किनरा?” मी म्हटलं, “किनरा. टोचतो.” त्या म्हणाल्या, “मग हेडचं नसावं. हेडवर मळ बसला किंवा फीत घासली, तर आधी वरचे, बारीक आवाज जातात. आवाज दबका होतो, तोंडावर पदर धरून बोलल्यासारखा. तुमची तक्रार नेमकी उलटी आहे. तुमचा खालचा आवाज गेलाय.”

मैत्रिणींनो, मला तिथेच निम्मं उत्तर मिळालं. ‘आवाज बिघडला’ एवढं सांगून भागत नाही. काय कमी झालंय आणि काय जास्त झालंय, हे आपल्या कानाला कळतं. ते नीट शब्दांत सांगायचं.

आता हे खालचं आणि वरचं म्हणजे काय, ते बघू. आवाज म्हणजे हवेचं थरथरणं. सेकंदाला किती वेळा थरथर होते, त्यावर आवाज जाड की बारीक ते ठरतं. माणसाच्या कानाला साधारण २० पासून २०,००० पर्यंतची कंपनं ऐकू येतात. बाई बोलते तेव्हा तिच्या आवाजाचा पाया २००च्या आसपास असतो. ढोलकीचा धुमाचा घुमारा, जात्याची घरघर त्याहून खाली. आणि ‘स’चा सीत्कार, झांजेची चकाकी, बांगड्यांची किणकिण काही हजारांच्या घरात. खालचा भाग म्हणजे खर्ज, मशीनवर त्याला बास लिहिलेलं असतं. वरचा भाग म्हणजे ट्रेबल. भाकरीत पीठ आणि पाणी जसं प्रमाणात लागतं, तसे हे दोन्ही प्रमाणात लागतात. खर्ज गेला की वरचा भाग वाढलेला नसतानाही टोचायला लागतो. म्हणून किनरा आवाज आला की दोनच प्रश्न विचारायचे. खर्ज कुठे गेला? की ट्रेबल कुणी वाढवला?

ताईंनी मला तपासाचा क्रम लिहून दिला. अट एकच, एका वेळी एकच गोष्ट बदलायची, ऐकायचं आणि लिहायचं. आपल्या गटाच्या हिशोबात दहा रुपयांचा फरक आला तर आपण सगळी पानं एकदम खोडत नाही. एकेक रकाना तपासतो. तसंच हे. मी वहीत तीन रकाने पाडले: काय बदललं, काय ऐकू आलं, फरक पडला का.

पहिली तपासणी बटणांची. बास आणि ट्रेबल दोन्ही मधल्या खुणेवर आणायचे. पुसताना, नाहीतर पोरांच्या हातून बटण फिरतं आणि आपल्या लक्षात येत नाही. काही मशीनवर रॉक, पॉप, जॅझ अशी तयार बटणं असतात, ती बंद करायची. मोबाइलवरून गाणी लावत असाल तर मोबाइलच्या सेटिंगमध्येही इक्वलायझर असतो, तोही बंद करून बघायचा. आमच्या मशीनचा ट्रेबल थोडा पुढे गेलेला होता. मागे आणला. टोचणं जरासं कमी झालं, पण घरघर आली नाही. वहीत लिहिलं.

दुसरी तपासणी, दुसरं काही लावून बघायची. कॅसेट बंद करून रेडिओ लावला. निवेदकाचा आवाजही तसाच पातळ. हे ऐकून मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! रेडिओही तसाच वाजतोय, म्हणजे दोष कॅसेटचा नाही, हेडचाही नाही. दोष दोघांच्या पुढच्या वाटेवर आहे. उलट, रेडिओ भरदार आणि कॅसेट तेवढी पातळ असं असतं, तर दोष कॅसेटच्या बाजूला शोधायचा होता.

तिसरी तपासणी बॅलन्सच्या बटणाची. हे बटण एका टोकाला फिरवलं की डावाच स्पीकर वाजतो, दुसऱ्या टोकाला उजवाच. मी कॅसेट परत लावली आणि बटण पूर्ण डावीकडे नेलं. आणि काय सांगू, सासूबाई आल्या! तोच भरलेला आवाज, खाली जात्याची घरघर. बटण उजवीकडे नेलं, तिथेही त्या होत्याच. बटण मधे आणलं, दोन्ही स्पीकर चालू झाले, की आवाज पातळ. एकेकटे चांगले, दोघे मिळून वाईट.

ताईंना फोन केला. त्या हसल्या. म्हणाल्या, “एका स्पीकरची वायर उलटी लागलीय.”

त्यांनी समजावलं ते असं. स्पीकरच्या आत एक कागदी पडदा असतो. तो पुढे जातो तेव्हा हवा ढकलतो, मागे येतो तेव्हा ओढतो. दोन्ही स्पीकरचे पडदे एकाच वेळी पुढे आणि एकाच वेळी मागे जायला हवेत. दोघी जणी एका जात्यावर बसतात तेव्हा खुंटा दोघींच्या हातात असतो आणि दोघींचा जोर एकाच दिशेला लागतो. एकीनं उलटा जोर लावला तर जातं अडतं. स्पीकरला दोन तारा असतात, लाल आणि काळ्या टोकाच्या. एका स्पीकरला त्या अदलाबदल झाल्या, की एक पडदा पुढे जातो तेव्हा दुसरा मागे जातो. एक हवा ढकलतो, दुसरा तीच ओढून घेतो. आवाज तिथल्या तिथे मरतो.

मग सगळाच आवाज का मरत नाही? खर्जच का? कारण खर्जाची लाट लांब असते. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. सेकंदाला १०० कंपनांचा आवाज असेल तर एकेक लाट ३.४ मीटर लांब, म्हणजे आमच्या खोलीएवढी. अशा लांब लाटा खोलीभर एकमेकींना खोडत राहतात. पण १०,००० कंपनांची लाट जेमतेम ३.४ सेंटिमीटरची, दोन बोटांएवढी. आपलं डोकं जरा हललं तरी तिचा मेळ बदलतो, शिवाय भिंतींवरून परतलेल्या लाटा येऊन मिसळतात. म्हणून बारीक आवाज पूर्ण खोडला जात नाही. खर्ज जातो, वरचं उरतं. सासूबाईंची कॅसेट एकाच माइकवर भरलेली. दोन्ही स्पीकरना तोच आवाज जातो, म्हणून तिच्यावर हा दोष सगळ्यात जास्त दिसला.

मग चौथी तपासणी वायरींची. आधी भिंतीवरचं बटण बंद केलं आणि प्लग काढला. स्पीकरच्या वायरीत दोन तारा जोडलेल्या असतात. त्यातली एक ओळखू येण्यासाठी तिच्यावर पट्टी, उंचवटा किंवा वेगळा रंग असतो. आमच्या वायरीवर लाल रेघ होती. नियम साधा आहे: रेघेची तार मशीनच्या लाल टोकाला लावली असेल तर स्पीकरच्याही लाल टोकाला लावायची, आणि दोन्ही स्पीकरना तसंच. डाव्या स्पीकरला मी मशीनजवळ रेघ लालमध्ये लावली होती आणि स्पीकरजवळ काळ्यात. रंगाच्या गडबडीत झालं होतं. सोडवली, बदलली, दाबून बसवली. पाच मिनिटं लागली आणि खर्च काही नाही.

वायर बसवताना एक जपायचं. तांब्याचे बारीक केस सुटे राहून शेजारच्या टोकाला टेकता कामा नयेत, नाहीतर मशीन जळू शकतं. केस पिळून एक करायचे आणि मगच भोकात घालायचे.

प्लग लावला, कॅसेट लावली, बॅलन्स मधे. आवाज भरून आला. तरी मला किंचित चिरकेपणा वाटत होता. वहीत बघितलं, दोन गोष्टी राहिल्या होत्या: स्पीकरची जागा आणि खोली.

पूर्वी आमचे स्पीकर भिंतीला लागून असलेल्या फळीवर होते. रंगानंतर मी ते पुढे स्टुलांवर ठेवले, दिसायला छान म्हणून. भिंतीजवळ ठेवलेल्या स्पीकरचा खर्ज वाढतो, कोपऱ्यात आणखी वाढतो, आणि भिंतीपासून पुढे ओढला की कमी होतो. पातळ वाटलं तर भिंतीकडे सरकवायचा, घुमायला लागला तर पुढे घ्यायचा. यात फक्त वीतभर सरकवूनही फरक कळतो.

आणि खोली. आधी तिथे एका भिंतीशी गोधड्यांची चळत असायची, दाराला जाड पडदा होता. रंगासाठी सगळं काढलं ते परत ठेवलंच नव्हतं. फरशी, गुळगुळीत भिंती, काचा यांच्यावर बारीक आवाज आपटून परत येतो आणि कानाला बोचतो. गोधडी, सतरंजी, जाड पडदा तो शोषून घेतात. मी स्पीकर फळीवर ठेवले, गोधड्या जागेवर आल्या, खाली सतरंजी अंथरली. आता तो पूर्वीचा आवाज झाला.

तुमच्या घरी कॅसेटचा सेट नसेल. बऱ्याच घरांत आता दोन छोटे स्पीकर आणि एक मोठा डबा असतो, ज्याला आपण वूफर म्हणतो. त्यात खर्ज फक्त तो डबाच काढतो. छोट्या स्पीकरना तो जमतच नाही. तेव्हा आवाज किनरा झाला तर आधी वूफरकडे जा. त्याची वायर निघालीय का, त्याचं वेगळं बटण शून्यावर आहे का ते बघा. डब्याला भोक असतं, तिथे तळहात धरा. गाणं चालू असताना हवेचा धक्का लागला पाहिजे.

मोबाइलची पिन लावत असाल तर ती पूर्ण आत गेलीय ना बघा. पिन अर्धवट बसली की कधी कधी गाणारीचा आवाज गायब होतो आणि मागची वाद्यं तेवढी लांबून, पातळ ऐकू येतात. ती पिनची चूक असते, मशीनची नाही. गाणं एकानं दुसऱ्याला, दुसऱ्यानं तिसऱ्याला पाठवून पार दाबलेलं असेल, तर तेही कर्कश वाजतं. म्हणून तपासताना ओळखीचं, चांगलं वाजणारं एकच गाणं ठरवून घ्यायचं.

कुणाकडे आजोबांच्या तबकड्या असतील. रेकॉर्ड प्लेअरची वायर मशीनच्या साध्या भोकात लावली तर आवाज फार बारीक आणि पातळ येतो. तबकडी कोरतानाच खर्ज कमी आणि ट्रेबल जास्त करून कोरलेला असतो. तो परत सरळ करायचं काम ‘फोनो’ लिहिलेल्या भोकामागचा भाग करतो. वायर तिथेच लावायची. मात्र प्लेअरमध्येच ती सोय असेल, तर साधं भोक बरोबर.

आणखी एक. रात्री पोरं झोपल्यावर आवाज अगदी हळू ठेवला की तो पातळच वाटतो. तो बिघाड नाही. १९३३ साली अमेरिकेत फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी हे मोजून दाखवलं, की आवाज हळू झाला की आपल्या कानाला खर्ज फार कमी ऐकू येतो. मशीनवर ‘लाउडनेस’ असं बटण असतं, ते याचसाठी.

मग कारागिराकडे कधी जायचं? बॅलन्स फिरवल्यावर एकच बाजू पातळ आली तर आधी दोन्ही स्पीकरची अदलाबदल करा. दोष स्पीकरबरोबर दुसऱ्या बाजूला गेला, तर स्पीकर बिघडलाय. जागेवरच राहिला, तर वायर किंवा मशीन. जुन्या स्पीकरच्या पडद्याभोवतीची फोमची कड कुजून फाटते, मग खर्ज जातो आणि फरफर येते. ते काम कारागिराचं. जळका वास आला, मशीन नको तितकं तापलं, तर प्लग काढून थेट दुकानात. मशीनचं झाकण मात्र घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या काही भागांत वीज साठून राहते.

आणि दुकानात गेलात तर वही घेऊन जा. ‘रेडिओही पातळ येतो, एकेक स्पीकर चांगला वाजतो, वायरी तपासल्यात,’ असं सांगितलंत की समोरचाही नीट ऐकतो. कारागिरांवर माझा राग नाही. मीही त्यांना ‘आवाज बिघडलाय’ एवढंच सांगितलं होतं.

सासूबाईंच्या कॅसेटची आता केंद्रातल्या ताईंनी संगणकावर प्रत करून दिली आहे. एक दिरांकडे, एक वन्संकडे, एक आमच्याकडे. संक्रांतीला वन्सं आल्या तेव्हा मी काही न बोलता कॅसेट लावली. त्या तिळगूळ देत होत्या, हात तसाच थांबला. पूर्ण बाजू होईपर्यंत कुणी बोललं नाही. मग ह्यांनी विचारलं, “किती घेतले दुकानवाल्यानं?” मी आतून वही आणून त्यांच्या हातात दिली.

तुमच्या घरी असा काही बिघाड असेल तर केंद्राला कळवा. पण त्याआधी तीन रकाने आखा आणि बॅलन्सचं बटण एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे फिरवून बघा. पुढच्या महिन्यात परत कर्जफेडीचा विषय घेणार आहे. तोवर नमस्कार.